गेनूची हाळी

तारेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन साचतात. आमच्या भिंगारच्या ऑफिसातले निम्मे तर एकट्या 'बेस्ट ऑफ लक'चे! साल एकाहत्तर. मी काउंटरवर, आणि सायकलवरून तारा वाटायला गेनू.

*

एक पैलवान मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेल्या पोराला रोज सकाळी 'बेस्ट ऑफ लक'ची तार ठोकायचा. पेपरागणिक एक! पोरगं नापास झालं तेव्हा येऊन मलाच म्हणाला, "मास्तर, तुमच्या तारंत दमच न्हाई!"

*

इलेक्शनला उभ्या राहिलेल्या व्याह्याला 'बेस्ट ऑफ लक'ची तार करायला एक पाटील आले. म्हणाले, "ह्येचा अर्थ काय ओ?"

"तुमचं भलं होवो."

"मग नगं! दुसरं कायतरी लिवा."

*

तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं, असाच हिशेब. एका लग्नघरी गेनू शुभेच्छांची तार घेऊन गेला, तर त्याला पाहूनच बायकांनी गळा काढला. नवरदेव मांडवात मटकन खाली बसला!

तेव्हापासून गेनूनं नेम केला. तार चांगली असली की गल्लीच्या तोंडापासूनच हाळी द्यायची, "खुशालीची हाय वं! खुशालीची!"

*

पारूबाईचा एकुलता एक बाळू फौजेत. लढाईचं वारं सुटलं तशी म्हातारी दर आठवड्याला यायची. "मास्तर, माझ्या बाळूला त्ये बेस्ट लक धाडा." मध्ये एकदा त्याची खुशालीची तार आली. गेनूच्या हाळीनं गल्ली गोळा झाली, अन् म्हातारीनं त्याच्या तोंडात गूळ भरला.

डिसेंबरात एका सकाळी ती पुन्हा आली. "भलं व्हऊ दे म्हनावं," एवढं बजावून गेली.

तिचा फॉर्म टेबलावरच होता, तेवढ्यात तारयंत्र वाजू लागलं. मी मजकूर उतरवून घेत होतो. बाळूचं नाव आलं आणि माझा हात थांबला.

गेनूला एकट्याला पाठवायचा मला धीर होईना. दोघं चालतच निघालो, सायकल त्याच्या हातात. गल्लीच्या तोंडाशी त्यानं खाली मान घातली.

पारूबाई दारातच उभी होती. आम्हाला पाहून हसली, लगबगीनं आत जाऊन मुठीत गूळ घेऊन आली.

"आरं गेनू, घशाला काय झालं तुझ्या? वरड की!"