आठ वारांची काठी

जमीन मोजणाऱ्या जेबेझ वॉर्डलच्या खांद्यावर काठी नाही, असं चेशायरमधल्या आमच्या खेड्यानं चाळीस वर्षांत फक्त रविवारी पाहिलं. आठ वारांची काठी, मधे पितळी कडी घालून जोडलेली. अशा एका काठीचा चौरस म्हणजे एक पर्च, चाळीस पर्चचा रूड आणि चार रूडचा एकर. सरकारची काठी मात्र साडेपाच वारांची. त्यामुळे सरकारी एकर आमच्या एकराच्या निम्म्यालाही पुरत नसे. सगळ्या देशात एकच माप चालेल असा कायदा कधीच झाला होता, पण कायदा लंडनात झाला आणि गवत आमच्याकडे उगवत होतं.

"जेबेझ, आपले दहा एकर म्हणजे त्यांचे किती रे?" लोहार भात्यावरूनच ओरडायचा.

"एकवीस, वर पंचवीस पर्च," जेबेझ चालता चालता सांगायचा. पाटीपेन्सिलीला हात न लावता. ह्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि चॅपेलमधल्या प्रार्थनेत तो त्याबद्दल दर आठवड्याला क्षमाही मागायचा.

त्याचं लग्न झालं नव्हतं. जिवाचं असं माणूस एकच, थोरली बहीण केझाया. तिचा नवरा गेला तेव्हा जमीनदारानं ओढ्याकाठच्या मोठ्या कुरणातला तिचा तुकडा तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडेच ठेवला. म्हातारा जमीनदार भला माणूस होता. "जेबेझ, बहिणीचा कागद तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे," म्हणाला आणि खाली सही करून मोकळा झाला. जेबेझनं लिहिलं, 'ओढ्याकडून चार एकर'. कोणत्या मापाचे, ते लिहिलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? आमच्याकडे चार एकर म्हटलं की चार एकर. लेकराला दूध पाज म्हणताना गाईचं की म्हशीचं, हे कोणी लिहून देतं का?

त्या चार एकरांवर केझायाच्या चार गाई चरत. चार गाईंच्या दुधातून रोज एक चीज दाबलं जाई. नाताळात त्यातलं एक, सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत पिवळं, भावाच्या घरी यायचं.

मग म्हातारा जमीनदार वारला. सगळी जमीन मँचेस्टरच्या एका गिरणीवाल्यानं घेतली आणि पेनेल नावाचा कारभारी पाठवला. पेनेल वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर शिव्या देऊन तरी मोकळं होता आलं असतं. त्यानं सगळे कागद वाचले आणि एका सोमवारी भावाबहिणीला कचेरीत बोलावलं.

"ह्या बाईंकडे साडेआठ एकरांच्या आसपास जमीन आहे. कागदावर चार आहे."

"साहेब, ते आमचे चार," जेबेझ म्हणाला. "सरकारी मापानं आठ एकर, एक रूड, चौतीस पर्च. बरोबर तेवढीच आहे."

"कागदावर 'आमचे' कुठंय?"

"नाहीये. चूक माझी. कागद मीच लिहिलाय."

पेनेलनं टाक खाली ठेवला. तो अडवायला बसला नव्हता, वाट काढायलाच बसला होता. "हे बघा वॉर्डल. जुन्या मालकांनी तोंडी सांगितलं असेल की हे चेशायरचे एकर आहेत, तर तसं बायबलवर हात ठेवून लिहून द्या. मी धन्यांना कळवतो. ते मान्य करतील. सांगितलं होतं ना त्यांनी?"

एक 'हो' पुरला असता. म्हातारा कबरीत होता, साक्षीला तिसरं कोणी नव्हतं. केझाया भावाकडे बघत नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"नाही," जेबेझ म्हणाला. "त्यांनी सांगितलं नाही. कोणीच सांगत नसे, साहेब. सांगायची गरजच नव्हती."

पेनेलनं सुस्कारा टाकून ते लिहून घेतलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा असा. कधी कधी दांडा सरळ असतो, म्हणूनच घाव नेमका बसतो. गावात अर्धे म्हणाले, देवमाणूस. अर्धे म्हणाले, मूर्ख. मी दुसऱ्या अर्ध्यातला.

सरकारी मापाचे चार एकर तोडून द्यायची मोजणीही त्यालाच सांगितली, कारण पंचक्रोशीत दुसरा मोजणारा नव्हता. काठी घरी ठेवून तो सरकारी साखळी घेऊन कुरणात आला. दुसरं टोक धरायला कोणी आलं नाही. कोण येणार, त्या कामाला? शेवटी केझायाच बाह्या वर सारून पुढं झाली.

"ताई, तू नको."

"मग कोण? गाई धरणार आहेत का? दे इकडे."

ओढ्यापासून आठ साखळ्या झाल्या की सरकारी चार एकर भरत होते. गवत ओलं होतं, साखळी जड होत गेली. सातव्या वेळी जेबेझकडून साखळी सैल पडली. तिनं तिकडून हिसका दिला.

"ताण नीट! उद्या म्हणतील, भावानं बहिणीला दोन विती जास्त दिल्या."

आठवी साखळी जिथं संपली तिथं त्यानं खुंटी ठोकली. उन्हाळ्यात ज्या एल्मखाली ती धारा काढायची, ते झाड पलीकडे गेलं. भाऊ खुंटी ठोकत राहिला, ती पक्की बसल्यानंतरही.

हिवाळ्याआधी तिनं दोन गाई विकल्या. त्यानंतर जेबेझ प्रत्येक कागदावर 'सरकारी मापानं' असं दोन-दोनदा लिही. चॅपेलच्या आवारातल्या बटाट्याच्या वाफ्याच्या चिठ्ठीवरही त्यानं तसं लिहिलं. लोक हसले. काठी त्यानं पुन्हा खांद्यावर घेतली नाही. लोहारानं दोनदा काही विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं.

नाताळच्या आदल्या दिवशी केझाया नेहमीसारखी आली. टेबलावर फडक्यातलं चीज ठेवून तिनं गाठ सोडली. पिवळं, मुरलेलं, पण नेहमीच्या निम्म्याहून लहान, दोन तळव्यांत मावेल एवढंच.

जेबेझ त्याच्याकडे बघत राहिला. "ताई, ह्या वर्षी कशाला आणलंस? तुलाच पुरत नसेल."

"का? दर वर्षी एक आणते, ह्या वर्षीही एकच आणलंय," ती फडकं घडी घालत म्हणाली. "माप तेवढं सरकारी आहे."