सिनेमातली हुल्डा

वर्नाची कादंबरी छापून आली, तेव्हा सीडर फोर्ड गावातल्या निम्म्या बायकांनी तिच्या आईशी बोलणं टाकलं. औषधवाल्याच्या या पोरीने नुसती नावं बदलून अख्खं गाव पुस्तकात कोंबलं होतं. सगळ्यात जास्त भडकली हुल्डा स्ट्रँडबर्ग. पन्नाशीची, बिनलग्नाची हुल्डा गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसायची. पुस्तकातली ऑपरेटर होती लांब नाकाची, चोरून फोन ऐकणारी. तिच्या चहाडीपायी एक ठरलेलं लग्न मोडतं.

"मी ऐकत नाही," हुल्डा भेटेल त्याला सांगायची. "कानावर पडतं, त्याला मी काय करू?"

मग कादंबरीवर सिनेमा निघाला आणि गावाचा सूरच पालटला. पुस्तक जाळायला निघालेली पाद्र्याची बायको आता म्हणू लागली, "त्यातला तो देवमाणूस पाद्री आमच्या ह्यांच्यावरूनच घेतलाय."

शनिवारी दुपारच्या खेळाला थिएटर खच्चून भरलं. हुल्डा टोपी नाकापर्यंत ओढून मागच्या रांगेत बसली. शेजारी पॉपकॉर्न घेऊन ऑर्व्हल टिसडेल येऊन टेकला. हा हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, विधुर, अबोल माणूस.

पडद्यावर ऑपरेटर आली. कुरळे केस, मुठीत मावेल अशी कंबर, आणि नाक तर चाफेकळी. सगळं थिएटर मान वळवून हुल्डाकडे बघायला लागलं. ही ऑपरेटर फोन ऐकते, पूल वाहून गेल्याचं तिला कळतं, ती धावत जाऊन आगगाडी थांबवते आणि नायक तिला रुळांवरच मिठीत घेतो. कुणीतरी शिट्टी मारली. हुल्डाला हसू आवरेना; टोपी घरंगळून पुढच्या माणसाच्या मांडीवर पडली.

बाहेर वर्ना रडवेली उभी होती. "हे माझं पुस्तकच नाही, हुल्डामावशी."

"नाहीच ते, पोरी. फार सुधारलंय."

ऑर्व्हल हुल्डाची टोपी झटकत मागून आला. बराच वेळ घसा खाकरून म्हणाला, "हुल्डाबाई, मी रोज फोन करून तुम्हाला किती वाजले विचारतो ना... माझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत."

"ठाऊक आहे मला. फोनवर टिकटिक ऐकू येते."

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही फोन करणंच बंद केलं असतं."

ऑर्व्हल कानापर्यंत लाल झाला. थिएटरवाल्याने कर्ण्यावर पोल्का नाचाची धून लावली होती. ऑर्व्हलने हात पुढे केला आणि दोघं भर रस्त्यात, बँकेच्या दारासमोर, अशी गरगर नाचली की दूधवाल्याला गाडी थांबवावी लागली. हुल्डाच्या केसांतल्या पिना उडाल्या, ऑर्व्हलचा एक बूट सुटला. थांबायचं दोघांच्या मनात येईना.

सुगी आटोपल्यावर त्यांचं लग्न झालं. वर्ना करवली होती. त्या दिवशी एक्स्चेंजवर पाद्र्याची बायको बसली आणि तिने संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचे फोन चुकीच्या घरी जोडून दिले.