डिकीतला फोन

होसकोट्यात गाडी शिकायची म्हटलं की लोक महानंदाबाईंचं नाव सांगतात, आणि बाई ओरडतात फार, हेही लगेच सांगून टाकतात. निपाणीहून आलेल्या बाईंनी आठ वर्षं ऑफिसच्या कॅब चालवल्या, मग स्वतःचा क्लास काढला. पावसाळ्यात त्यांचा आवाज आणखी चढतो. "पुढच्या गाडीला चिकटू नको! पाण्यातून बाहेर आलास ना, मग ब्रेक हळूच दाबून बघ!" आणि गाडीत बसायच्या आधी फोन डिकीत टाकायचा. खिशात नाही, मांडीवर नाही, डिकीतच. एका आयटीवाल्या साहेबांनी यावर हुज्जत घातली, तर बाईंनी त्यांना तिथेच खाली उतरवलं होतं.

या बाईंची लेक दिव्यश्री त्या दिवशी पहिल्यांदाच क्लासची गाडी घेऊन एकटी व्हाइटफील्डला ऑफिसात गेली. संध्याकाळी पाचला तिचा मेसेज आला, "निघतेय गं आई." पाठोपाठ पाऊस कोसळायला लागला. बघता बघता समोरच्या रस्त्याचा ओढा झाला.

सहा वाजले, साडेसहा वाजले. बाईंनी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पोरीनं घाबरून करकचून ब्रेक मारला असेल, गाडी घसरली असेल, काय काय मनात यायला लागलं.

शेजारच्या श्यामलाक्का कॉफी घेऊन आल्या. "स्वल्प धीर धरा अक्का. शेकड्यांनी माणसं तयार केलीत तुम्ही."

"त्यातलं एकही माझ्या पोटचं नव्हतं," बाई म्हणाल्या. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय फरशी दाबत होता. क्लासच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. आज त्या बाजूला कोणी नव्हतं.

साडेसातला गाडी गल्लीत वळली. हळू आली आणि जराही धक्का न देता दारात थांबली. बाई अनवाणीच पावसात धावल्या.

"फोन का उचलत नाहीस गं भवाने? माझा जीव जायची वेळ आली!"

"पुलाखाली पाणी साचलं होतं. किती खोल ते कळेना, म्हणून मागे फिरले आणि लांबून आले," दिव्यश्री शांतपणे म्हणाली.

"अगं, पण फोन?"

पोरीनं डिकी उघडली. स्टेपनीशेजारी, टॉवेलात गुंडाळलेला फोन खणखणत होता. बाईंच्या हातातला फोन अजून तिलाच लागलेला होता.

बाई आधी हसल्या, मग भर पावसात लेकीला मिठी मारून रडल्या. श्यामलाक्कांनी दोघींना ओढून घरात नेलं.

बाई अजूनही तशाच ओरडतात. नियमात मात्र एक भर पडली आहे. फोन डिकीत टाकण्याआधी आईला कळवायचं, की फोन डिकीत आहे.