दुसरा कागद

मुलीचा फोन आला तेव्हा मी नवा रायपूरच्या कार्यालयात गावोगावच्या हातपंपांची यादी तपासत होतो. "बाबा, सुषमाताई नहीं रहीं," ती म्हणाली. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. मी "बरं" म्हटलं आणि उरलेल्या सतरा ओळींची बेरीज पूर्ण केली. बरोबर आली. आज पाच आठवडे झाले... अजून रडू आलेलं नाही.

सुषमाताई रायपूरच्या बुढापारा वस्तीत, तलावाजवळच्या गल्लीत, एक महिला सहायता केंद्र चालवत. मी पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटाचा सचिव. ओळख भांडणातूनच झाली. छत्तीसगड राज्य नवं होतं, माझं लग्न आठ वर्षांचं. बायको पाच वर्षांच्या मुलीला घेऊन शहरातच माहेरी गेली होती. तिने ताईंच्या केंद्रात केलेल्या छळाच्या तक्रारीत माझ्याबरोबर माझ्या बहिणीचंही नाव होतं; बहीण तर भिलाईला, तिच्या घरी राहायची. मुलगी मला सात महिने दिसली नव्हती. मी केंद्रात जाऊन उभ्याउभ्याच विचारलं, "तुमच्याकडे खोट्या तक्रारी किती येतात? आकडा सांगा."

"आकडा मागून राहिले न, देते. पहिले बसा तर."

त्यांनी दोन कोरे कागद पुढे केले. त्यांची पद्धतच होती ती. एकावर आपली बाजू लिहायची, दुसऱ्यावर समोरच्याची, तीही 'मी' म्हणून, त्याच्या तोंडून. बायकांनाही हेच करावं लागे. नवऱ्याची बाजू लिहायला लावते म्हणून चळवळीतल्या काही मैत्रिणींनी ताईंशी बोलणं सोडलं होतं. माझ्या पहिल्या कागदावर अकरा मुद्दे झाले, दुसऱ्यावर दोन ओळी. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आठ वर्षं एका घरात राहिले न भाऊ? शेजारीण याच्याहून जास्त लिहून देईल."

मी रागाने निघून आलो. मुलीसाठी पुन्हा गेलो. चौथ्या खेपेला दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'मी पाण्याच्या किती बादल्या वापरते ते हा मोजतो आणि जेवताना सांगतो.' बायकोनेही माझ्या बाजूचा कागद लिहिला. त्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, की भांडणांच्या वेळी माझी बहीण घरात नसायचीच. तक्रारीतून तिचं नाव निघालं.

"खोटं नाव एक," ताई म्हणाल्या. "तुमच्या आकड्यात धरा. बादल्याही धरा."

संसार जुळला नाही, पण मुलगी दर रविवारी माझ्याकडे येऊ लागली. पुढे मी गटातली माणसं ताईंकडे पाठवू लागलो, आणि ताई त्यांच्यासमोर रडलेले नवरे माझ्याकडे. कायद्यावरून आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. मी म्हणायचो, कायदा एकतर्फी आहे. त्या म्हणायच्या, "हव, अन् घरं?" आमच्या गटाने त्यांच्या केंद्रासमोर धरणं धरलं, तेव्हा त्यांनी बाहेर पाण्याचा माठ ठेवला. "भाऊ, प्या. बादल्या मोजत नाही मी."

हे लिहायला बसलो तेव्हा सवयीने दोन कागद घेतले. पहिला तुमच्या हातात आहे. दुसऱ्यावर लिहिलं, 'मी सुषमा. इतकी वर्षं दुसऱ्यांची भांडणं ऐकून मी संध्याकाळी एकटी घरी जाते...' घरी गेल्यावर त्या काय करत, कुणाशी बोलत, हे मी कधी विचारलं नाही. वीस वर्षांची ओळख. कागद समोर आहे. दोन ओळी झाल्या आहेत.