झिजलेली नळी

कारागिराने माझ्या शिकारीच्या रायफलची जुनी नळी फिरवून सोडवली आणि उजेडाकडे धरली. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ पार गुळगुळीत झाले होते.

“काका, गोळ्या झाडून झाडून लोखंड झिजवलंत की. नवीन बसवली की डुक्कर जागेवर पडेल.”

पिकाच्या राखणीसाठी घेतलेली ही रायफल. शेत पडीक पडलं, तरी खंडेनवमीला तिच्यावर झेंडू वाहून मी रानात जातच राहिलो. लोखंड थकलं, मी थकलो नाही, याची किळस आली. माणसाच्या आतलंही काही असंच झिजत असेल. ते उजेडाकडे धरून पाहता येत नाही, हे बरं.

“बसवू ना?” त्याने विचारलं.

‘रायफल पोलीस ठाण्यात जमा करून येतो,’ असं बायकोला सांगून निघालो होतो. मी मान डोलावली आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.