कातडीखालची लगबग

दुपारचं ऊन दुकानाच्या काचेतून आत आलं, की बांगड्यांच्या रांगांमधून झिरपून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उतरतं आणि भिंतभर हिरवे, जांभळे, शेंदरी कवडसे हलू लागतात. अशाच एका निवांत दुपारी, बारामतीच्या आमच्या चिंचोळ्या गल्लीतली वर्दळ ओसरलेली असताना, माझ्या उजव्या पोटरीत काहीतरी लवलं. आतून कुणी हलकेच टिचकी मारावी तसं! साडी जरा वर करून पाहिलं, तर कातडी एका जागी थरथरत होती. मी तिला हलायला सांगितलेलं नव्हतं, तिनं मला विचारलेलं नव्हतं, तरी तिचं आपलं चाललंच होतं. असेल काही, असं म्हणून मी साडी सोडली आणि पुन्हा बांगड्या पुसायला घेतल्या.

पण ती टिचकी एकटी आली नव्हती. आठवडाभरात ती दंडात गेली, मग पापणीत, मग खांद्यात आणि शेवटी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी तिनं मुक्कामच ठोकला. तिच्या मागोमाग मुंग्या आल्या. मानेवरून उतरायच्या, पाठीवर हिंडायच्या, गुडघ्यामागे घुटमळायच्या. कितीदा मी दचकून हात झटकला, कितीदा चालता चालता थांबून पाऊल तपासलं! मुंगी कधीच सापडली नाही. असलेली मुंगी माणूस झटकून टाकतो. नसलेलीचं काय करायचं? साऱ्या देहाचं एक गजबजलेलं एसटी स्टँड झालं होतं आणि चौकशीच्या खिडकीत कुणीच बसलेलं नव्हतं.

माझ्यासारख्या बाईला हात म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आम्ही मणेर, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे आणि भरणारे. मी मराठी घेऊन एम.ए. झाले, त्यामुळे माझ्या बोलण्यात अधूनमधून भारदस्त शब्द येतात आणि आमचे हे त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा करतात. पण मला सगळा तालुका ओळखतो तो त्या पदवीमुळे नव्हे, तर नवरीच्या हातात हिरवा चुडा भरणारी भाभी म्हणून. अंगठ्याखालचा उंचवटा तळव्यात दाबून धरायचा, चारी बोटांची हाडं हळुवार जवळ आणायची आणि हाताला कळायच्या आत काच मनगटावर उतरवायची. सव्वादोनच्या हाताला सव्वादोनचीच बांगडी, सैल नको न् घट्ट नको. काच फुटली तर आमच्याकडं कुणी ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतात. पण नवरीच्या हातात चुडा भरतानाच ती वाढली, तर मांडवातल्या बायकांचे चेहरे उतरतात आणि ती पोर संसारभर ती गोष्ट मनाच्या कोपऱ्यात बाळगते. माझ्या हातून नवरीची बांगडी एकदाही वाढली नव्हती. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला सांगू?

आणि आता त्याच हाताचा अंगठा मला न विचारता उडत होता.

भीती कशी शिरते, हे तुम्ही कधी न्याहाळलंय? ती दार वाजवत नाही. मी मोबाइलवर वाचत गेले, वाचत गेले आणि जगातले जेवढे म्हणून दुर्धर रोग आहेत, ते सगळे मला आपलेसे वाटू लागले. सकाळी उठल्या उठल्या मुठी आवळून पाहायची, जिना चढताना पायांची ताकद जोखायची, आरशात जीभ काढून ती थरथरते का ते बघायचं, हा माझा नित्यनेम झाला. पुढं हात लुळा पडेल, या कल्पनेनंच मी आतून खचले. लग्नसराई तोंडावर आलेली असताना मी नवरीचा चुडा भरणं बंद केलं. धाकटी जाऊ रुक्साना हिला पुढं करून मी गल्ल्याशी बसू लागले. कुणी विचारलं तर कंबर धरलीय म्हणायची. खरं कारण सांगितलं असतं तर मीच मोठ्यानं रडले असते.

या व्याधीला निदान नव्हतं. निदान करणारे मात्र उदंड होते. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुआ पढून फुंकलेलं पाणी पाजलं. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आमच्या ह्यांनी तर खटल्याचा निकालच लावला. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून ऊस उभा आहे. उसाच्या पाल्याला बारीक लव असते, तिला आम्ही कूस म्हणतो. ती अंगाला लागली, की माणूस दिवसभर खाजवत बसतो. ह्यांचं म्हणणं, वाऱ्यानं उसाची कूस खिडकीतून येते आणि तीच माझ्या अंगावर हिंडते. झालं! साऱ्या घरादाराचे कपडे उकळत्या पाण्यातून काढले, गाद्या गच्चीवर उन्हात तापवल्या, मागच्या खिडकीला जाड प्लास्टिक ठोकलं. वारा बंद झाला आणि माणसं घरातल्या घरात वाफेवर शिजू लागली. यथावकाश उसाला तोड आली, ट्रॅक्टर भरभरून तो इथल्याच माळेगावच्या साखर कारखान्याकडं गेला आणि ह्यांनी विजयी मुद्रेनं खिडकीचं प्लास्टिक टराटरा फाडलं. गार वारा आत आला. आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवतेय तोच माझ्या मानेवरून मुंग्यांची पहिली तुकडी खाली उतरली. ह्यांचा चेहरा इतका पडला, की मलाच हसू फुटलं. किती दिवसांनी हसले होते मी!

मग मात्र रीतसर डॉक्टर गाठले. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला, स्नायूंत सुया टोचून त्यांचे आवाजही ऐकले. सगळं ठीक निघालं. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की काहींचे स्नायू असे उडतात, काहींच्या कातडीला असे भास होतात, प्रत्येक वेळी कारण हाती लागतंच असं नाही. ताकद शाबूत आहे, ती कमी झाली तर लगेच या, नाहीतर खुशाल काम करा. काम करताना अंगठा उडतो का, असंही त्यांनी विचारलं. काम मी कधीच सोडून दिलं होतं.

तुम्हाला वाटेल, बाईला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुण्याहून परतून इंदापूरला माझ्या माहेरी गेले, तोवर तो पार विरून गेला होता. रोगाला नाव असलं, की त्याला निदान शिव्या तरी देता येतात. माझ्या या बिननावाच्या पाहुण्याला मी काय म्हणून हाक मारू, आणि काय म्हणून हाकलू? आईनं विचारलं, काय निघालं? काही नाही, म्हणाले. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी तोंड फिरवून बसले.

अशात जवळच्या कोऱ्हाळे गावाहून तात्यांचा निरोप आला. तात्या म्हणजे ऐंशीच्या घरातले, ताठ कण्याचे, तिरसट जिभेचे गृहस्थ. बैलगाडीनं ऊस कारखान्यावर नेण्यात त्यांनी हयात घालवलेली. त्यांच्या सुनांच्या हातांतला चुडा माझ्या अम्मींनी भरला होता, थोरल्या दोन नातींचा मी. आता धाकटी नात सोनाली बोहल्यावर चढणार होती आणि भाभीनंच यायचं, असा त्यांचा हुकूम होता. नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी पेट्या घेतल्या, रुक्सानाला बरोबर घेतलं आणि वाटेतच तिला बजावलं, की भरायचं तूच.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. हळदीचा पिवळा हात पुढं करून सोनाली बसली होती. भोवती बायकांचं कोंडाळं, खांबाला टेकून तात्या. माझी कंबर धरल्याचं सांगून मी बाजूला बसले. रुक्साना हुशार आहे, पण घाईची. दोन बांगड्या नीट गेल्या. तिसरीला तिनं जोर केला आणि काच कडकन वाढली. सोनालीच्या मनगटावर रक्ताचा एक बारीक थेंब उगवला. सोनालीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, रुक्सानाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग सोनालीनं आपला हात मागं घेतला, रक्त पदरानं टिपलं आणि तोच हात मुकाट्यानं माझ्यासमोर धरला.

माझ्या अंगठ्याच्या बुडाशी नेमकी तेव्हाच उडण्याची घाई सुरू झाली होती. अखेर इतक्या महिन्यांचं साठलेलं बाहेर पडलं.

“तात्या, माझी कंबर बरी हाय. माझं अंग उडतंय. हाताचा भरवसा वाटत न्हाय मला. तुमच्या नातीला लागलं तर?”

तात्यांनी माझा हात पाहायला मागितला. उडणारा अंगठा चांगला निरखून पाहिला. म्हातारा आता हळहळेल, असं मला वाटलं.

“भाभी, मी उभा जन्म बैलांमागं काढला,” ते म्हणाले. “बैलाचं कातडं दिसभर थरथरतं. माशी बसली तरी थरथरतं, नसली बसली तरी थरथरतं. त्येवढ्यापायी गाडी हुबी ऱ्हायल्याली मी न्हाय बघितली. भरा बांगड्या. पोरगी खोळंबलीय.”

ना सांत्वन, ना गोड बोलणं! चक्क बैलाच्या पंगतीला बसवलं मला. राग यायला हवा होता. पण माझ्या पाठीवरून कुणीतरी ओझं उतरवून ठेवल्यासारखं झालं. मी सोनालीचा हात हातात घेतला. तिच्या तळव्याला साबणाचं पाणी लावलं. अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, हाडं जवळ आणली. आणि काय सांगू तुम्हाला, कामाला लागताच माझा अंगठा गप्प झाला! दाबताना, वळवताना, काच उतरवताना त्याला उडायला सवडच नव्हती. त्याच्या वाट्याची सारी मस्ती खाली पोटरीत गेली; साडीच्या आड ती मनसोक्त नाचत होती आणि वर माझी दहाही बोटं आपापल्या जागी शहाण्यासारखी चालली होती. एक बांगडी गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. मानेवर मुंग्या आल्या. या बायांनो, म्हटलं, बसा तुम्हीही, चुडा बघा. मी हात झटकला नाही. दोन्ही मनगटं हिरवीगार भरली आणि एकही काच वाढली नाही.

सोनाली माझ्या पाया पडली. रीतीप्रमाणं तिच्या आईनं तांदूळ आणि नारळ माझ्या पदरात घातले. मग साऱ्या बायका हात पुढं करून बसल्या. मी रुक्सानाला शेजारी ओढलं, तिचा हात माझ्या हाताखाली घेतला आणि पुढच्या पाच-सहा जणींना आम्ही दोघींनी मिळून भरलं. ऊन कलेपर्यंत मी तिथून उठले नाही. कंबर धरल्याच्या थापेची दोन चमचे लाज मी त्या दिवशी गिळली आणि वर अभिमान पोटभर जेवले, असं म्हणायला हरकत नाही.

आता वर्ष होत आलं. व्याधी गेली, असं मी म्हणणार नाही. तुमच्याशी लबाडी कशाला करू? अजूनही अंग उडतं, अजूनही कातडीवरून मुंग्यांची मिरवणूक निघते, आणि कारण अजूनही कुणाला सापडलेलं नाही. मधूनच एखाद्या सकाळी जुनी भीतीही डोकावते. तेव्हा मी मूठ आवळून बघते, आवळली गेली की दुकान उघडते. बरं होणं म्हणजे शरीर निःशब्द होणं, अशी माझी समजूत होती. जिवंत देह इतका निःशब्द कधी असतो का?

परवा इंदापूरहून एका नवरीच्या आईचा फोन आला. मागं कुणाच्या तरी लग्नात भाभी नुसत्याच बसून होत्या, जावेनं चुडा भरला, असं तिच्या कानावर गेलं होतं. ती बिचारी आडून आडून विचारत राहिली, की आमच्याकडं भरायला नेमकं कोण येणार. फोन कानाला धरलेल्या हाताचा दंड तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत बेभान उडत होता.

“मीच येणार,” मी म्हणाले. “पोरीच्या हाताचं माप तेवढं कळवा.”