चार स्क्रूंवरची लाल रेघ

केतकीचा फोन सकाळी आला. "सुधाकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "निघालोच" म्हणून फोन ठेवला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. विलाससारखा जुना मित्र गेल्यावर रडू यायला हवं होतं. मला मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं... आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो. सातपूरला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत रिक्षात मला माझ्याच त्या हलकेपणाची भीती वाटत राहिली. त्याला आता काही आठवडे झाले. विलासबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

विलासने ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त केल्या, पुढे स्वतः बनवल्याही. कारखान्याची एक शिस्त त्याने घरी आणली होती. तिथे महत्त्वाचा स्क्रू आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. स्क्रू जराही फिरला तर रेघ तुटते आणि कुणीतरी हात लावलाय हे कळतं. गिटारची मान, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, मागच्या बाजूने चार स्क्रूंनी बसवलेली असते. विलास ज्या गिटारला हात लावी तिच्या त्या चार स्क्रूंवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढी. म्हणजे हे काम झालेलं आहे, मी केलं आहे आणि मी ते लपवत नाही. "दुकानातली बाई विचारते, वहिनींना दुसरा रंग चालत नाही का? म्हटलं, ती कुठे लावते, मी लावतो! तेव्हापासून बाई सुटे पैसे लांबूनच देते," असं सांगून तो स्वतःच मोठ्याने हसायचा.

माझी गिटार विदेशी, जुनी. तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवताना मुंबईला एका जहाजावरच्या माणसाकडून घेतलेली. बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही जुन्या मंडळींनी पिंपळगावला एक कार्यक्रम केला. तिथे सामान उतरवताना ती टेम्पोतून खाली पडली आणि मान दोन जागी मोडली. पाहायला मी आणि टेम्पोवाला दोघंच. तुकडे घेऊन मी विलासकडे गेलो. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यात मोडका पियानो पडून होता, त्यातलं मेपलचं लाकूड मिळवून त्याने नवी मान घडवली. हुबेहूब. फक्त वरच्या टोकाला कंपनीचं नाव घालायला त्याने साफ नकार दिला. "सुध्या, काम माझं आणि नाव त्यांचं? जमणार नाही." मोडके तुकडे फडक्यात बांधून त्याने माझ्या हातात दिले. "टाकू नको. गिटार खरंच पडली होती, हे हेच सांगतील." मग चारही स्क्रूंवर रेघा ओढल्या.

नावाचं स्टिकर मी नंतर ऑनलाइन मागवलं आणि चिकटवलं. इतपत हौस म्हणून चाललं असतं. पण पुढे गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये गिटारवेड्यांची बैठक भरू लागली. महिन्यातून एक रविवार, प्रत्येकाने आपापली गिटार आणायची, चहा प्यायचा आणि एकमेकांच्या गिटारींतल्या खोड्या काढायच्या. तिथला एकच दंडक होता. दुरुस्त केलेली चालेल, नवी बनवलेली चालेल, पण सांगायचं. न सांगता खपवली तर ती खोटी. विलासही तिथे यायचा; तो नव्हता त्या दिवशी माझी गिटार पाहून एकाने विचारलं, "काका, एकदम ओरिजिनल?" मी "एकदम" म्हणालो. का म्हणालो, हे आजही नीट सांगता येत नाही. त्या हॉलमध्ये मी सगळ्यांत म्हातारा होतो आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या हाताकडे आदराने पाहत होतं... पुढच्या बैठकीला पुण्याचे एक जाणकार येणार होते. आदल्या दुपारी बायकोच्या कपाटातलं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मी त्या चारही रेघा पुसून टाकल्या.

जाणकारांनी एक निळा टॉर्च आणला होता. त्या उजेडात जुनं पॉलिश हिरवट चमकतं आणि नवं काळपट दिसतं. दिवे मालवले, पडदे ओढले. माझी बॉडी हिरवी चमकली. मान काळी होती. जाणकारांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, तेव्हा अंधारातून विलासचा आवाज आला, "उघडू नका. मान मीच केलीय."

दिवे लागले. कुणीतरी गिटार उलटी केली. "मग तुमची रेघ कुठंय, विलासराव? आम्हाला शिस्त शिकवता आणि इथं बरे विसरलात? वर कंपनीचं नावसुद्धा!" विलासने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. "सुधाकरराव, तुम्ही मान बदलायला दिली होती?" आणि मी म्हणालो, "मी तर फक्त मानेवरच्या फ्रेटपट्ट्या घासायला दिली होती."

या एका वाक्याने विलास चोर झाला. माझी अस्सल मान काढून घेऊन त्याने नकली बसवली, असाच त्याचा अर्थ होत होता आणि तो तसा होतो हे मला बोलतानाच कळत होतं. "सुध्या?" एवढंच विलास म्हणाला. मी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ओठाला लावला. विलासने थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला.

त्यानंतर लोकांनी त्याच्याकडे जाणं थांबवलं. काहींनी आपल्या गिटारींवरच्या लाल रेघा खरवडून काढल्या. मी मात्र त्याच्याकडे जात राहिलो, हे तर त्याहून वाईट. तो चहा करायचा, क्रिकेटवर बोलायचा. एकदाच, पाठमोरा साखर घालताना म्हणाला, "तू बोलशील म्हणून थांबलो होतो रे." मी "दूध कमी टाक" म्हणालो.

केतकी त्याच टेबलावर काम करते, विलास होता तेव्हापासून. तो जायच्या थोडं आधी एका गिऱ्हाइकाने तिला हसत विचारलं, "जुने पार्ट परत मिळतील ना? तुमच्याकडे गायब होतात म्हणे." हे तिने मला तेराव्याला सांगितलं. माझ्याजवळ सांगितलं, कारण मी बाबांचा सगळ्यांत जवळचा मित्र.

मागच्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी ते फडकं सोडलं. मोडक्या मानेचे तुकडे टेबलावर मांडले आणि जे वर लिहिलं आहे ते सांगितलं. मग गिटार घेऊन केतकीकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही. मी म्हटलं, "निदान त्याच्या रेघा पुन्हा ओढून दे, बाळ."

तिने लाल बाटली उचलली, झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "स्क्रू मी आवळलेले नाहीत, काका. ज्याने आवळले त्यानेच रेघ ओढायची. मी ते सोडवून परत आवळते, मग माझी ओढीन. पण मग ते बाबांचं काम राहणार नाही."

मी स्क्रू सोडवू दिले नाहीत. गिटार आता घरी आहे, भिंतीकडे तोंड करून टांगलेली. पाठ माझ्या खुर्चीकडे असते. तिच्यावर चार स्क्रू आहेत, विलासच्या हाताने आवळलेले, आणि अजून घट्ट आहेत.